वेड्याची बायको आणि आपलं हसू : हादग्याच्या गाण्यांचं आज काय करायचं?



आजचा विषय कळल्यावर एका मैत्रिणीनं फोन केला. म्हणाली, ‘हादग्यावर तासभर काय बोलणार? सोळा गाणी म्हटली, खिरापत वाटली, की संपलं.’ (हशा) तिचं अगदीच चुकीचं नाही. पण गेली काही वर्षं सोलापुरात जिथं जिथं हादगा होतो, शाळेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, महिला मंडळात, तिथं दरवेळी एक कुजबूज कानावर येते. ‘हे गाणं नको म्हणायला.’ ‘यातलं ते कडवं गाळा.’ ‘मुलींच्या मनावर काय परिणाम होईल?’ दुसऱ्या बाजूनं लगेच उत्तर येतं : ‘आम्ही म्हटलीच ना ही गाणी? आमचं काय बिघडलं?’ ही दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात. का, तेच आज बोलायचं आहे.

समोर काही तरुण मंडळी दिसतायत, म्हणून आधी थोडक्यात ओळख. सप्टेंबरच्या अखेरीस, साधारण २७ तारखेच्या सुमारास, सूर्य हस्त नक्षत्रात जातो. हस्तावरून हादगा. पाटावर हत्ती काढायचा, रांगोळीचा किंवा धान्याचा, पाट मधोमध ठेवायचा आणि मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. पुण्या-मुंबईकडे याला भोंडला म्हणतात आणि तो नवरात्रात होतो. खानदेश-विदर्भात भुलाबाई, ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गावागणिक पाठ बदलतात, चाली बदलतात. दोन गोष्टी मात्र सगळीकडे त्याच : फेर, आणि पुढं म्हणणारी बाई.

ही पुढं म्हणणारी बाई आज माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. ती ओळ टाकते, बाकीच्या झेलतात. ती थांबली की फेर थांबतो. कुठलं गाणं आधी, कुठलं लांबवायचं, कुठलं कडवं सोडायचं, हे तीच ठरवते, तेही फिरता फिरता. तिच्या हातात वही नसते. आपण लोकगीतांवर बोलताना नेहमी ‘परंपरा’ म्हणतो, ‘समाज’ म्हणतो. पण प्रत्यक्ष फेरात निर्णय घेणारी एक माणूस असते, हे विसरतो.

आता गाण्यांकडे येते. तीनच गाणी घेते. तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे म्हणून दाखवत नाही. आणि म्हटली तर तुम्ही टाळ्या धराल, माझं बोलणं राहून जाईल. (हशा)

पहिलं, कारल्याच्या वेलाचं. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याचं बी लाव, मग जा. बी लावलं. कोंब येऊ दे. कोंब आला. वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, खा, उष्टं काढ. आणि सगळं झाल्यावर सासू सांगते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. मग घरातल्या एकेकाकडे पाठवणं सुरू.

या गाण्यावर आक्षेप असा की सासूचं हे चित्र जुनाट आहे, मुलींच्या मनात सासरची धास्ती बसते. म्हणून नव्या पाठात काय करतात? मी ऐकलेल्या एका शालेय पाठात सासू दुसऱ्याच कडव्यात हसून ‘जा’ म्हणते आणि वर डबा भरून देते. चांगली सासू आहे, माझी काही तक्रार नाही. पण गाणं मेलं.

का मेलं? कारण या गाण्याचा आशय सासूच्या स्वभावात नाही, त्याच्या लांबीत आहे. वेल वाढायला लागणारा वेळ, हाच त्या मुलीवरचा अन्याय. तिला कुणी मारत नाही, शिवी देत नाही, ‘नाही’ असंसुद्धा म्हणत नाही. फक्त ‘अजून थोडं’ म्हणतात. आणि फेरातल्या पोरींना हे अंगानं कळतं, कारण त्याही थांबलेल्या असतात. गाणं लांबतंय, पाय दुखतायत, तिकडे डब्यात खिरापत झाकून ठेवलीय आणि ती गाणी संपल्याशिवाय मिळणार नाही! ज्या वयात कवितेतला ‘आशय’ वगैरे काही कळत नाही, त्या वयात ताटकळणं म्हणजे काय हे हे गाणं पायांना शिकवतं. याहून चांगली रचना मला माहीत नाही.

ही मुलगी किती वर्षांची, याचाही विचार करा. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं, आणि तेही तेव्हा अनेकांना फार वाटलं. ते १८ व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे ही गाणी ज्या काळात रुजली, तेव्हा माहेरची परवानगी मागणारी सून आठ-दहा वर्षांचीही असू शकत होती. तिला आईची आठवण येते आणि तिला शेतीचं काम सांगितलं जातं. हे गाणं सासुरवासाचं समर्थन करत नाही. त्याची साक्ष देतं. सासूला गोड केलं की साक्षच पुसली जाते. ते काम सासरच्यांनी केलं असतं तर आपण त्याला वेगळं नाव दिलं असतं.

ताराबाई भवाळकरांनी आयुष्यभर हेच दाखवून दिलं आहे की बायकांच्या या मौखिक रचनांमध्ये त्यांचा स्वतःचा आवाज आहे, तो नीट ऐकायला पाहिजे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पण ओवी बाई एकटी किंवा दोघी मिळून म्हणतात, पहाटे, अंधारात. हादग्याचं गाणं उजेडात आणि हसत म्हटलं जातं. तक्रार तीच, पण खेळाचं पांघरूण घेतलेली. त्यामुळे ती पटकन ओळखू येत नाही.

दुसरं गाणं नणंद-भावजयीचं. घरात दोघीच, तिसरं कुणी नाही, आणि शिंक्यावरचं लोणी गेलं. नणंद म्हणते, दादा येऊ दे, सांगते. दादाच्या मांडीवर बसून ती सांगते की तुझी बायको चोर आहे. मग काठीची गोष्ट निघते, पाठीत घालायची. आणि लगेच पुढं घरच्या लक्ष्मीचा मोठेपणा येतो.

इथं आक्षेप जास्त खरा आहे. बायकोला काठी मारण्याचं गाणं आठ वर्षांच्या मुलींनी टाळ्या वाजवत म्हणायचं का? माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं यावर उपाय काढला : लोणी मांजरानं खाल्लं. (हशा) छान. सगळे निर्दोष सुटले. पण गाण्यात जे होतं, तेही सुटलं.

गाण्यात काय होतं? नणंद दादाच्या मांडीवर बसते, हा तपशील बघा. म्हणजे ती लहान आहे, सहा-सात वर्षांची असेल. भावजय बारा-तेराची. दोन पोरी घरात, आणि लोण्यावरून भांडण. आज आपण ‘बाईच बाईची वैरीण’ असली वाक्यं फेकतो. हे गाणं त्याच्या आधीची पायरी दाखवतं : दोन्ही पोरी, पण एकीच्या पाठीशी मांडी आहे आणि दुसरीच्या पाठीवर काठी. फरक स्वभावाचा नाही, कुणाचं घर आहे याचा आहे. आणि गंमत म्हणजे, फेरातली प्रत्येक मुलगी आज नणंद आहे, उद्या भावजय होणार आहे. एकाच तोंडानं ती दोन्ही बाजू म्हणते.

पण मी इथं स्वतःलाच अडवते. हे सगळं मला आज, या वयात, पुस्तकं वाचून दिसतं. आठ वर्षांच्या मुलीला त्यातलं काय दिसतं? तिला काठी दिसते, आणि टाळीचा ठेका दिसतो. ठेक्यावर म्हटलेली गोष्ट बरोबरच असणार, असं मुलांना वाटतं. म्हणून या गाण्याबद्दल माझं मत असं : म्हणावं, पण नुसतं म्हणून सोडू नये. गाणं संपल्यावर पुढं म्हणणारीनं एकच प्रश्न विचारावा, ‘लोणी कुणी खाल्लं गं?’ मी विचारून पाहिलंय. निम्म्या मुली म्हणतात भावजयीनं, निम्म्या म्हणतात नणंदेनंच खाल्लं आणि नाव घेतलं तिचं. मग त्यांचं आपापसांत जे भांडण जुंपतं, ती खरी समीक्षा. मांजराच्या पाठात हे भांडण होतच नाही.

आता तिसरं गाणं. याच्यासाठी मी आज इथं आलेय.

वेड्याच्या बायकोचं गाणं. बायको पदार्थ करते, वेडा डोकावतो, आणि भलतंच समजतो. लाडूला चेंडू समजून खेळतो, करंजीला होडी समजून पाण्यात सोडतो. काही पाठांत श्रीखंडाला क्रीम समजून तोंडाला फासतो. थोडं थांबते. क्रीम! तोंडाला लावायचं क्रीम आपल्याकडे आलं कधी? म्हणजे कुणीतरी पुढं म्हणणारीनं ते कधीतरी घातलं, आणि ते टिकलं. जे म्हणतात ‘परंपरेला हात लावू नका’, त्यांना मी हे क्रीम दाखवते. ज्याला आपण मूळ पाठ म्हणतो, त्यात आपल्या आज्यांची बोटं बुडालेली आहेत.

असं करत करत शेवटचं कडवं येतं. वेड्याची बायको झोपलेली असते. वेडा बघतो, त्याला वाटतं मेली, आणि तो तिला जाळून टाकतो.

आणि आपण हसतो. मी हसलेय. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत हे कडवं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं जायचं, कारण ते शेवटचं, आणि त्यानंतर खिरापत. शेंगाच्या पोळ्यांचा वास आणि ते कडवं माझ्या डोक्यात एकत्रच आहेत.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी स्वतः एका ठिकाणी गाणी सांगत होते. मोठ्या बायकांचा फेर होता. हे गाणं सुरू झालं, सगळ्या रंगात आल्या. शेवटचं कडवं मी टाकलं आणि एक बाई हात सोडून फेरातून बाहेर गेली. काही बोलली नाही, बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसली. फेर पुढं चालूच राहिला, मीही थांबले नाही. नंतर कुणीतरी हळूच सांगितलं : तिची थोरली बहीण सासरी जळून गेली होती. स्टोव्हचा भडका, असं सांगितलं होतं.

त्या वर्षांत पेपरात ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द किती वेळा यायचे, हे इथल्या माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब. म्हणजे बाहेर मोर्चे निघत होते, संसदेत कायदे होत होते, आणि आमच्या गल्लीत आम्ही दरवर्षी एका बाईला जाळून खिरापत खात होतो. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वेळी. आणि मला त्यांचा संबंध त्या कट्ट्यावरच्या बाईनं दाखवला.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी ते कडवं गाळलं. गाणं होड्यांवर संपवायची. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग एकदा घरी सहज गुणगुणत असताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. या गाण्याचं धृपद बायकोच्या तोंडी आहे. असा वेडा माझ्याच नशिबी कसा आला, असं ती म्हणते. ‘माझ्या’ नशिबी. प्रत्येक कडव्यानंतर ती म्हणते. लाडूनंतर म्हणते, करंजीनंतर म्हणते. आणि शेवटच्या कडव्यात तिला जाळल्यावरही धृपद येतंच. मग ते कोण म्हणतंय?

जळालेली बाई म्हणतेय.

हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. ज्या बाईनं ते कडवं पहिल्यांदा जोडलं, तिला ते दिसत होतं की नाही, सांगता येत नाही. कदाचित ती नुसती वेडेपणाची शेवटची पायरी शोधत असेल. पण गाण्यात ते आहे. आपण हसत असतो आणि मेलेली बाई आपल्याच तोंडातून बोलत असते. आणि ‘वेडा’ या शब्दानं नवऱ्याला सूट दिलेली असते : त्याचा काय दोष, तो वेडाच. ‘स्टोव्हचाच भडका’ म्हणण्यासारखं. कडवं गाळलं की गाणं नुसतं येड्या नवऱ्याची गंमत उरतं. ठेवलं, तर ते आपल्या हसण्याचीच पंचाईत करतं.

मग करायचं काय? याची उत्तरं इतरांनी कशी दिली, ते थोडं बघू.

एक उत्तर सरकारी. आपलं सोलापूर शाहीर राम जोशींचं गाव. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या त्यांच्या लावण्यांत शृंगार किती उघडा आहे, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. तीच लावणी तमाशात आली, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढं परवानगी मिळाली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. तपासणारे कोण? सुशिक्षित, बहुतेक पुरुष, फडाबाहेरचे. नाचणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला यातलं काय खुपतं. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर लिहिताना नेमकं याच जागी बोट ठेवलं : कलेवर हक्क कुणाचा आणि तिची शुद्धी कोण करतं. शब्द स्वच्छ झाले, त्या बायकांचं जगणं होतं तिथंच राहिलं.

दुसरं उत्तर परदेशातलं. अमेरिकेत कॉन्ट्रा डान्स नावाचा समूहनृत्याचा प्रकार आहे. त्यात एक जण पुकारतो आणि लोक त्याप्रमाणे पावलं टाकतात. तिथं ‘सभ्य पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ अशा हाका असायच्या. अलीकडे पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी दोन पक्ष्यांची नावं घेतात, लार्क आणि रॉबिन, म्हणजे कुणीही कुठल्याही बाजूनं नाचावं. वाद झाले, पण पावलं बदलावी लागली नाहीत. कारण तिथं शब्द हा पायांना दिलेला हुकूम आहे. हुकमाचा शब्द बदलता येतो. आपल्या फेरात शब्द हुकूम देत नाहीत, गोष्ट सांगतात. म्हणून तो सोपा उपाय आपल्याला जसाच्या तसा चालत नाही.

तिसरं उत्तर आपल्या शेजारीच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली समाजातल्या बायका बतुकम्मा खेळतात, जवळपास त्याच दिवसांत. फुलांची उतरंड मध्ये, भोवती टाळ्यांचा फेर, एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी ठरलेला शब्द झेलायचा. तेलंगणात २०१४ साली हा राज्योत्सव झाला, आणि नवी गाणी भरपूर आली. झेलायचा शब्द तोच, आत गोष्ट नवी. जुनी गाणी कुणी पुसली नाहीत, नवीही थांबवली नाहीत. फेराला दोन्ही पेलतात.

आपल्याकडेही नवं आलंय. मंगळागौर तर आता स्पर्धेत आणि रंगमंचावर पोचली. २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’ या सिनेमानंतर तिच्या खेळांना नव्यानं गर्दी झाली. त्याबद्दल मला आनंदच आहे. पण फेर मंचावर गेला की एक गोष्ट बदलते : मध्ये हत्ती नसतो, समोर प्रेक्षक असतो. फेरातल्या बाईला गाणं सोसायचं असतं, प्रेक्षकाला ते आवडायचं असतं. मोबाईलवर चिडणारी सासू, पार्लरला जाणारी सून, असली नवी कडवी मी ऐकते. टाळ्या मिळतात. पण त्यात कुणाची काही तक्रार नसते, नुसता चिमटा असतो. जुन्या गाण्यात भाषा जुनी होती आणि दुःख खरं होतं. नव्यात भाषा आजची आहे. आजचं दुःख कुठाय? नोकरी करून घरी आल्यावर ‘तुझं आज जेवण लवकर होईल ना?’ हे ऐकणाऱ्या बाईचं कारल्याच्या वेलासारखं गाणं अजून कुणी केलेलं नाही. करावं. लांबवावं चांगलं, पाय दुखेपर्यंत!

तर माझं म्हणणं एवढंच. ही गाणी सरसकट ठेवा किंवा सरसकट गाळा, असं सांगणाऱ्या दोघांचंही ऐकू नका. यादी करून शाळांना पाठवू नका. हा निर्णय पुढं म्हणणारीचा आहे, आणि तो तिनं फेराकडे बघून घ्यावा. फेरात कोण आहे? आठ वर्षांची मुलगी आहे का? परवा सासरहून परत आलेली कुणी आहे का? विधवा बाई आहे का, जिला कालपर्यंत आपण या पाटाजवळ येऊही दिलं नसतं? पूर्वी फेरात कोण असणार ते ठरलेलं होतं, म्हणून गाणीही ठरलेली होती. आज फेर मोठा झालाय. संवेदना बदलली, असं आपण म्हणतो. मला वाटतं, फेरात माणसं वाढली.

मी स्वतः आता काय करते, ते सांगून थांबते. लहान मुलींत ते शेवटचं कडवं म्हणत नाही. मोठ्या बायकांत म्हणते, पण आधी सगळ्यांना सांगून. कुणाला बाजूला बसायचं असेल तर बसावं. आणि त्या कडव्याला टाळी धरायची नाही. ठेका काढला की काय होतं, बघा एकदा करून. नुसतं धृपद उरतं, एका बाईचं. कुणी हसत नाही. मग थोडा वेळ सगळ्या तशाच उभ्या राहतात.

आणि मग खिरापत वाटतो.